न भरणारी जखम: ग्रामीण भागातील संसर्गजन्य त्वचाव्रणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जखम ‘भरत नाही’ असे नेमके केव्हा म्हणावे?

निरोगी माणसाच्या नडगीवर लहानसे खरचटले, तर साधारण आठ-दहा दिवसांत खपली धरते आणि खालून नवी कातडी येते. पावलावरची किंवा घोट्याजवळची जखम याहून थोडी सावकाश भरते. दोन आठवडे उलटूनही जखमेचा आकार कमी होत नसेल, कडा आत सरकत नसतील किंवा खपली निघाली की खाली पुन्हा खड्डाच दिसत असेल, तर तो व्रण समजावा आणि त्याचे कारण शोधावे. अंदाजावर विसंबू नये. जखमेशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून दर तीन-चार दिवसांनी मोबाइलवर फोटो काढावा. ‘आधीपेक्षा बरी आहे’ असे घरातले सगळे म्हणत असतानाही नाण्याच्या तुलनेत जखम वाढलेली दिसते, हे असे फोटो पाहिल्यावरच लक्षात येते.

‘उष्ण कटिबंधीय व्रण’ हा एकच रोग आहे की अनेक रोगांना दिलेले एक नाव?

हे नाव दोन अर्थांनी वापरले जाते, आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. संकुचित अर्थाने तो एक ठरावीक रोग आहे. गुडघ्याखाली, बहुधा लहान मुलांच्या किंवा तरुणांच्या पायावर, किरकोळ खरचटलेल्या जागी फोड येतो, तो फुटतो आणि काही दिवसांतच ठळक कडांची, घाण वास येणारी, अत्यंत दुखरी जखम तयार होते. ऑक्सिजनविना वाढणारे जंतू तिच्यामागे असतात. त्यांपैकी फ्युझोबॅक्टेरियम अल्सरन्स या जंतूचे वर्णन 1988 मध्ये अशाच जखमांवरून करण्यात आले, आणि त्याच्या जोडीला मळसूत्राच्या आकाराचे जंतूही सापडतात. दमट हवा, चिखल, अनवाणी चालणे आणि अपुरे अन्न या चार गोष्टी एकत्र आल्या की हा व्रण दिसतो. वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर तो बरा होतो. दुर्लक्ष झाले तर तो हाडापर्यंत जाऊ शकतो, आणि वर्षानुवर्षे उघड्या राहिलेल्या व्रणाच्या कडेला कर्करोगही होऊ शकतो.

व्यापक अर्थाने मात्र उष्ण व दमट प्रदेशातील कोणत्याही संसर्गाने झालेल्या चिघळत्या जखमेला हे नाव लावले जाते. या पानावर हा दुसरा अर्थ धरला आहे, कारण दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला जंतूचे नाव माहीत नसते. त्याला फक्त जखम दिसते.

कोल्हापूर जिल्ह्यात अशा जखमा बहुधा कशामुळे होतात?

उत्तर काहीसे निराश करणारे आहे, कारण ते अगदी साधे आहे. स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस हे दोन नेहमीचे जंतू बहुतेक वेळा कारणीभूत असतात. गळीत हंगामात उसाच्या पाल्याची करवतीसारखी धार हातपाय कापते. पाचटात दिवसभर उभे राहिल्याने त्या चिरा मळतात, आणि संध्याकाळी कोपीवर परतल्यावर त्या धुण्याइतके पाणीही नेहमी हाताशी असतेच असे नाही. तिसऱ्या दिवशी पुळी येते आणि आठव्या दिवशी जाड, तपकिरी, घट्ट चिकटलेली खपली दिसते. ही खपली फसवी असते. ती कोमट पाण्याने भिजवून हलकेच उचलली, तर खाली साच्याने पाडल्यासारखा गोल, खोल खड्डा असतो. वैद्यकात याला एक्थायमा म्हणतात. साधा पुळ्यांचा संसर्ग कातडीच्या वरच्या थरापुरता राहतो, पण हा खालच्या थरात उतरतो, आणि म्हणूनच बरा झाल्यावरही व्रणाची खूण मागे राहते.

लहान मुलांमध्ये याची सुरुवात बहुधा खरजेतून किंवा डासांच्या चाव्यांतून होते. रात्री खाजवायचे, नखांत जंतू असतातच, आणि सकाळी पायावर चार ठिकाणी पू दिसतो. अशा घरात एकट्या मुलाच्या जखमेवर मलम लावून काही साधत नाही. एका अंथरुणात झोपणाऱ्या सगळ्यांनी एकाच दिवशी खरजेचे औषध लावावे लागते, आणि नेमके हेच होत नाही. स्ट्रेप्टोकोकसची आणखी एक खोड पालकांनी लक्षात ठेवावी. कातडीवरच्या पुळ्या बऱ्या झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर मूत्रपिंडाला सूज आल्याची शक्यता असते. त्या वेळी पायावरची जुनी जखम डॉक्टरांना आवर्जून दाखवावी.

भातलावणीच्या दिवसांत होणाऱ्या चिखल्यांमुळे मोठी जखम होऊ शकते का?

होऊ शकते. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या पट्ट्यात आषाढ-श्रावणात चिखलणी आणि रोपलावण करताना पाय तासन् तास पाण्यात असतात. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, भिजलेल्या कागदासारखी सोलली जाते आणि तिथे बुरशी धरते. स्वतः चिखल्या धोकादायक नसतात, पण त्या जंतूंना दार उघडून देतात. तिथून आत शिरलेला स्ट्रेप्टोकोकस एका रात्रीत पोटरीपर्यंत लाल, गरम, चकाकती सूज आणतो, जिला आपल्याकडे धावरे म्हणतात. हत्तीपायाची सूज असलेल्या माणसाला हा त्रास पुन्हापुन्हा होतो, आणि प्रत्येक झटक्यागणिक पाय थोडा अधिक जाड होत जातो. शेतातून आल्यावर पाय धुणे बहुतेक जण करतात, पण बोटांच्या मधली जागा कोरडी करणे राहून जाते.

पायाला जखम असताना जांघेत अवधाण का येते?

पायातून वर जाणारा लसीकेचा, म्हणजे ऊतींमधल्या पाण्यासारख्या द्रवाचा, प्रवाह जांघेतल्या गाठींमधून गाळला जातो आणि जंतू तिथे अडवले जातात, म्हणून गाठ सुजते व दुखते. यालाच अवधाण म्हणतात. पायाची जखम बरी झाली की अवधाण बहुधा आपोआप उतरते, त्यामुळे ते चोळू नये आणि त्यावर डागही देऊ नये. मात्र पायावर जखमच नसेल, किंवा जखम बरी होऊनही गाठ महिनाभर तशीच राहिली असेल, तर कारण वेगळे असू शकते.

जखम अजिबात दुखत नाही. मग काळजी करण्याचे कारण काय?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि तो सर्वाधिक महत्त्वाचा आहे, असे आमचे मत आहे. जंतुसंसर्ग झालेली ताजी जखम दुखायलाच हवी. ती दुखत नसेल, तर मज्जातंतू आधीच निकामी झालेले असतात, जंतूचे विष वेदना दाबत असते किंवा रोगाची जातच वेगळी असते. ठणकणारा पाय माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेतो. न दुखणारा पाय तो सहा महिने शेतात नेतो.

पावलाच्या तळव्यावर, विशेषतः अंगठ्याच्या मुळाशी किंवा टाचेवर, जाड कातडीच्या मधोमध खड्डा पडला असेल आणि तो दुखत नसेल, तर पहिली शंका मधुमेहाची आणि दुसरी कुष्ठरोगाची घ्यावी. दोन्हींत पायाची संवेदना जाते. खिळा टोचला, पायताणात खडा गेला किंवा गुऱ्हाळावर उकळत्या काहिलीजवळ पाय भाजला, तरी त्या माणसाला कळत नाही. डोळे मिटून तळव्यावर कापसाची वात फिरवली आणि ती कुठे फिरते हे सांगता आले नाही, तर जखमेवरच्या मलमापेक्षा रक्तातील साखरेची आणि मज्जातंतूंची तपासणी तातडीची ठरते.

कुष्ठरोग्याच्या पायाच्या जखमेतून रोग पसरतो का?

नाही, आणि हा गैरसमज अजून घराघरांत आहे. तळव्यावरची ती जखम कुष्ठजंतूंनी पोखरून केलेली नसते. बधिर पायावर चालत राहिल्याने ती होते. नॉर्वेचे डॉक्टर हान्सेन यांनी 1873 मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला, आणि 1980 च्या दशकापासून बहुऔषधी उपचार उपलब्ध आहेत. हे उपचार रोगाच्या प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने चालतात आणि सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात. औषधे सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्ग होण्याची शक्यता लवकरच नाहीशी होते. शेंडा पार्कातील कुष्ठधाम कोल्हापूरकरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, पण त्या परिसराचे नाव ऐकताच आवाज उतरवून बोलण्याची सवय अजून गेलेली नाही. या सवयीमुळेच बधिर चट्टा अंगावर घेऊन माणसे वर्षानुवर्षे गप्प राहतात.

पायताणाबद्दल एक बाब सांगायला हवी. कोल्हापुरी चपलेचा अभिमान आपल्या जागी ठीक, पण बधिर पावलाला तिचा कडक, सपाट चामडी तळ मानवत नाही. अशा रुग्णांनी मऊ सूक्ष्मरंध्री रबराची चप्पल वापरावी आणि ती घालण्यापूर्वी रोज आत हात फिरवून पाहावे.

पायात काटा मोडला होता. वर्ष झाले, पाऊल सुजून घट्ट झाले आहे आणि लहान छिद्रांतून स्राव येतो. हे काय असावे?

हे मायसेटोमाचे चित्र असू शकते. ‘मदुरा पाय’ हे त्याचे जुने नाव. मदुराईच्या दवाखान्यातील डॉक्टर गिल यांनी 1842 मध्ये त्याची नोंद केली, आणि 1860 च्या सुमारास मुंबईत हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी त्यामागे बुरशी असल्याचे दाखवून त्याला मायसेटोमा हे नाव दिले. हेच कार्टर पुढे काही वर्षे आपल्या शेजारच्या साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. शेतकऱ्याच्या पायातला काटा आणि या रोगाचे नाव यांचे नाते असे आपल्याच मुलखातून जाते.

मातीतली बुरशी किंवा बुरशीसारखे दिसणारे जिवाणू काट्याबरोबर आत जातात आणि अत्यंत सावकाश वाढतात. वेदना जवळजवळ नसते. पाऊल फुगते, त्यावर गाठी येतात, गाठींना तोंडे पडतात आणि त्यांतून पुवाबरोबर दाणे बाहेर पडतात. हे दाणे रोगनिदानाची किल्ली असतात. सकाळी पट्टी सोडली की ती लगेच टाकून देऊ नये. उजेडात धरून पाहावी. गॉजच्या धाग्यांत खसखशीएवढे किंवा त्याहून किंचित मोठे काळे, पिवळसर, पांढरे किंवा लालसर कण अडकलेले दिसले, तर ती पट्टी स्वच्छ डबीत घालून डॉक्टरांकडे न्यावी. काळे दाणे बुरशीकडे बोट दाखवतात, तर लाल दाणे जिवाणूंकडे. पिवळ्या-पांढऱ्या दाण्यांवरून मात्र नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. हा भेद केवळ पुस्तकी नाही. जिवाणूजन्य प्रकार काही महिन्यांच्या प्रतिजैविकांनी बरा होऊ शकतो, तर बुरशीजन्य प्रकाराला वर्षभर किंवा अधिक काळ बुरशीनाशक औषधे आणि बहुधा शस्त्रक्रियाही लागते. हाडापर्यंत गेलेल्या रोगात पाऊल गमवावे लागल्याचीही उदाहरणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये मायसेटोमाचा समावेश दुर्लक्षित उष्ण कटिबंधीय रोगांच्या यादीत केला.

काटा टोचल्यानंतर हातावर किंवा पायावर खालून वर ओळीने गाठी येऊन त्या फुटत असतील, तर तो स्पोरोट्रायकोसिस हा वेगळा बुरशीजन्य रोग असू शकतो. तो औषधांनी चांगला बरा होतो.

मानेवरची गाठ फुटून वाहते आहे. तीही याच प्रकारात मोडते का?

ती बहुधा गंडमाळ असते, म्हणजे लसीका गाठींचा क्षयरोग कातडीपर्यंत पोहोचलेला असतो. गाठ आधी सुजते पण फारशी दुखत नाही, मग वरची कातडी जांभळट होते आणि फुटते. जखमेच्या कडा आतून पोखरलेल्या असतात, म्हणजे कडेखाली पोकळी असते. अशा जखमेवर केवळ पट्ट्या करत बसल्याने महिने वाया जातात. क्षयरोगाची औषधे किमान सहा महिने घ्यावी लागतात आणि ती मोफत मिळतात.

मेलेल्या जनावराची कातडी काढल्यानंतर हातावर काळी खपली आली आहे. काय करावे?

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि जनावराची हकिगत आधी सांगावी. हा काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संसर्ग असू शकतो. सुरुवातीला कीटक चावल्यासारखी खाज सुटते, मग पाण्याचे फोड येतात आणि त्यांच्या मध्यभागी कोळशासारखी काळी खपली धरते. सभोवती सूज भरपूर असते, पण खपली दुखत नाही. प्रतिजैविकांनी हा रोग हमखास आटोक्यात येतो. उपचार न मिळाल्यास कातडीच्या या प्रकारातही सुमारे 20 टक्के रुग्ण दगावू शकतात. धडधाकट गाय किंवा बकरी अचानक मेली आणि नाकातोंडातून न गोठणारे रक्त आले, तर तिला फाडू नये, कातडी काढू नये आणि पशुवैद्यकांना कळवावे. या जंतूचे बीजाणू मातीत अनेक दशके टिकतात.

ताप आहे आणि काखेत काळी, न दुखणारी खपली दिसते. दोन्हींचा संबंध असेल का?

दाट शक्यता आहे. झुडपांत व उंच गवतात राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. चावल्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी खपली दिसते, पण ती काखेत, जांघेत, स्तनाखाली किंवा कमरेच्या नाडीखाली लपलेली असते. 2018 मध्ये विदर्भात या रोगाची साथ आली होती. पावसाळा संपता संपता गवत कापणाऱ्यांना ताप आल्यास अंगभर नजर टाकावी. वेळेत ओळखल्यास डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाने ताप एक-दोन दिवसांत उतरू लागतो.

नारू आणि यॉज हे रोग पुन्हा येऊ शकतात का?

ज्येष्ठांना नारू आठवतो. पायावर फोड यायचा, तो फुटून त्यातून दोऱ्यासारखा लांब कृमी डोकावायचा आणि तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढावा लागायचा. पायविहिरीतले पाणी तसेच प्यायल्याने त्यातील सूक्ष्म जीवांतून हा कृमी शरीरात जात असे. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात आढळला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. त्यासाठी लस किंवा औषध लागले नाही. पाणी गाळून पिणे आणि विहिरीत उतरणे बंद करणे पुरेसे ठरले.

यॉज हा मुलांच्या कातडीवर आणि हाडांवर येणारा रोग महाराष्ट्रासह दहा राज्यांच्या आदिवासी पट्ट्यांत होता. 1996 मध्ये ओडिशातील कोरापूटपासून निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, 2003 नंतर रुग्ण आढळला नाही आणि 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला यॉजमुक्त ठरवले.

इंटरनेटवर ‘बुरुली व्रणा’चे फोटो पाहिले. आमच्या गावात तो असेल का?

आफ्रिकेतील युगांडामधल्या एका परगण्यावरून नाव पडलेला हा रोग तीसहून अधिक देशांत नोंदला गेला आहे, पण भारत त्याच्या ओळखीच्या पट्ट्यात नाही. क्षयाच्या जंतूचा हा भाऊबंद मायकोलॅक्टोन नावाचे विष सोडतो, जे चरबी कुजवते आणि वेदनाही बधिर करते. फोटो पाहून घाबरण्यापेक्षा तसाच दिसणारा क्षयरोगाचा व्रण तपासून घेणे इथे अधिक उपयोगाचे आहे. वाळूमाशीच्या चाव्यातून येणाऱ्या लेशमॅनिया या परजीवीचा व्रणही भारतात मुख्यतः बिकानेर, हिमाचल आणि केरळच्या काही भागांत दिसतो. त्या भागात राहून आलेल्या व्यक्तीने तसे डॉक्टरांना सांगावे.

जखमेवर हळद, चुना, तंबाखू किंवा बिब्बा लावावा का?

चुना कातडी जाळतो. तंबाखू, बिडीची राख आणि शेण यांतून जंतू आत जातात. शेण व मातीतून धनुर्वाताचाही धोका असतो. डब्यातल्या हळदीची पूड जखमेत खडा होऊन बसते आणि दुसऱ्या दिवशी ती खरवडून काढताना नवी कातडीही निघते. बिब्ब्याविषयी मात्र स्पष्ट बोलायला हवे. काटा मोडलेल्या टाचेला गरम बिब्ब्याचा चटका देण्याची रीत अजून आहे, आणि बिब्ब्याचे तेल तीव्र दाहक असते. मूळ काट्याची जखम वाटाण्याएवढी, आणि बिब्ब्याने उतलेली जागा तळहाताएवढी, असे दृश्य ग्रामीण दवाखान्यांना नवीन नाही.

घरी जखम कशी स्वच्छ करावी?

उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात साधारण दीड सपाट चहाचा चमचा मीठ घालावे आणि ते पाणी भांड्यातून धार धरून जखमेवर ओतावे. पट्टी चिकटली असेल तर ती ओरबाडून काढू नये, याच पाण्याने भिजवून सुटू द्यावी. स्पिरिट किंवा फेसाळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड रोज वापरल्यास भरत आलेल्या पेशीही मरतात. जखम पूर्ण कोरडी पडू द्यावी हा समजही चुकीचा आहे. हलका ओलावा राहिला आणि वर स्वच्छ गॉज असले की कडा लवकर सरकतात. बसताना पाय उशीवर घ्यावा.

मेडिकलमधून मलम किंवा गोळ्या आणून पाहायला काय हरकत आहे?

हरकत मिश्र मलमांची आहे. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेल्या ट्यूबने दोन दिवस लाली उतरते, माणूस समाधानी होतो आणि आत बुरशी किंवा जंतू निवांत पसरतात. तीन दिवसांची गोळी घेऊन चौथ्या दिवशी थांबल्यास पुढच्या तपासणीत जंतू सापडणे कठीण होते. आधी काही घेतले असल्यास त्याची रिकामी पाकिटे बरोबर न्यावीत.

महापुराच्या पाण्यात जखम भिजली तर?

2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर शिरोळ-करवीरमधील लोकांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या पाण्यात गोठे, गटारे आणि मेलेली जनावरे यांचे सगळे मिसळलेले असते. बाहेर येताच वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने जखम धुवावी, धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी, आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे असे झाल्यास लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, शंका बोलून दाखवावी. मधुमेही व्यक्तीने तर जखम किरकोळ असली तरी ती त्याच दिवशी दाखवावी.

दवाखान्यात कोणत्या तपासण्या होतात?

रक्तातील साखर आणि हिमोग्लोबिन, जखमेच्या तळातून घेतलेल्या नमुन्यात जंतूंची तपासणी, आणि गरज भासल्यास कडेचा छोटा तुकडा काढून केलेली बायोप्सी. कडेचा तुकडा म्हटले की नातेवाईक घाबरतात आणि ‘सुई लागली की रोग पसरेल’ म्हणून रुग्णाला परत नेतात. बायोप्सीने रोग पसरत नाही. क्षयरोग, बुरशी आणि कर्करोग हे तिन्ही दुरून सारखे दिसू शकतात, आणि त्यांतला फरक त्याच तुकड्यात कळतो. तालुक्याच्या ठिकाणी ही सोय नसल्यास कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या त्वचाविभागात जावे, आणि जाताना नाण्याशेजारचे फोटो, औषधांची पाकिटे व आदल्या दिवशीची पट्टी बरोबर ठेवावी.

रात्री-अपरात्रीही लगेच निघावे अशी लक्षणे कोणती?

जखमेच्या मानाने वेदना असह्य असणे, लाली तासातासाला पुढे सरकणे, कातडी जांभळी-काळी पडून त्यावर फोड येणे, थंडी वाजून ताप येणे, जबडा आवळणे किंवा माणूस असंबद्ध बोलू लागणे. लालीच्या कडेला पेनाने रेघ मारावी आणि शेजारी वेळ लिहावी. वाहन येईपर्यंत ती रेघ ओलांडली गेली असेल, तर दवाखान्यात पोहोचताच आधी तीच दाखवावी.